सगळेच मेन

औटी सर कुणाला 'नाही' म्हणत नसत. लांबून पाहणाऱ्याला हा गुण वाटतो. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून काम करावं लागलं, की मग कळतं. अशा माणसाच्या वाटणीची सगळी 'नाही' शेवटी शेजारच्याला म्हणावी लागतात, आणि आमच्या संस्थेत ती शेजारीण मी होते.

संस्था शिक्षणाची. मुख्य कार्यालय नगरला आणि कॉलेजं चार: एक नगरचंच, एक राहुरीला, एक पारनेरला आणि एक अकोले तालुक्यात, वर डोंगराच्या अंगाला, जिथे एसटी मोजकी आणि बाकी सगळा कारभार सीटा भरल्या की सुटणाऱ्या वडापच्या जीपवर. संगणक विभागात आम्ही दोघं. कागदावर मी विभागप्रमुख, कारण पदवी माझी संगणकाची. औटी सर मूळचे फिजिक्सच्या प्रयोगशाळेतले. अकोल्याच्या कॉलेजात त्यांची उमेदीची वर्षं गेली, तिथेच संगणक जोडायला शिकले आणि मग नगरला आले. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे. ते मला 'मॅडम' म्हणत, मी त्यांना 'सर' म्हणे, आणि कुणी कुणाचं ऐकायचं हा प्रश्न आम्ही कधी काढला नाही. काढला असता तर उत्तर मला आवडलं नसतं.

बुटके, अंगाने भरलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. गाव पारनेर तालुक्यातलं. घरच्या झाडांची सीताफळं ते कच्ची असतानाच पिशवी भरून आणत आणि सर्व्हरच्या मागे, जिथे पंख्याची गरम हवा बाहेर पडते, तिथे पिकायला मांडत. त्या खोलीला संस्थेने एसी बसवला होता तो मशीन थंड राहावं म्हणून. मी एकदा बोलले, दोनदा बोलले. "व्हय मॅडम, काढतो की," म्हणायचे, आणि चार दिवसांनी पिकलेली सीताफळं माझ्याच टेबलावर. मग मुंग्या झाल्या. मी रडकुंडीला आले. सरांनी मुंग्यांनाही हाकललं नाही; व्हरांड्यात साखर टाकून त्यांची वाट तिकडे वळवली.

त्यांचं फोनवरचं बोलणं तर मला ऐकवत नसे. समजा, पारनेरच्या ऑपरेटरला एक आकडा विचारायचा आहे. सर सुरुवात करणार, "जेवन झालं का?" सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. मग त्याच्या वडिलांचा गुडघा, मग पाऊस कुठवर आला, मग सुनेला कितवा महिना. मी समोर बसून कागदावर 'आकडा' असं मोठ्या अक्षरात लिहून नाचवायची. फोन ठेवल्यावर ते आकडा विसरलेले असत आणि पुन्हा फोन लावत. "आदी मानूस इचारावा मॅडम, मंग काम," हे वर मलाच.

आता आमच्या कामाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा मनस्ताप कुणाला कळायचा नाही. मुलगा कॉलेजच्या संगणकासमोर बसतो, नाव आणि पासवर्ड टाकतो. तो आपलाच आहे की नाही, त्याला परीक्षेचं दार उघडायचं की ग्रंथालयाचं, हे सांगणारा एक सर्व्हर असतो. त्याला डिरेक्टरी म्हणतात. त्यात सगळ्यांची नावं. चार गावांत चार सर्व्हर ठेवले, तर चारही ठिकाणी तीच नावं असायला हवीत. एकीकडे केलेला बदल बाकीच्यांकडे आपोआप गेला पाहिजे. याला रेप्लिकेशन म्हणतात. शहाणी माणसं काय करतात? एक सर्व्हर मेन ठेवतात. बदल फक्त तिथे करायचा, बाकीच्यांनी तो मुकाट घ्यायचा. मीही तसाच आराखडा काढला होता: नगर देणार, बाकीचे तिघे घेणार.

तो आराखडा घेऊन आम्ही राहुरीला गेलो. प्राचार्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. "मेन कोण?" एवढंच विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत औटी सर म्हणाले, "तुमीच की सर. सगळ्यात जास्त पोरं तुमची."

प्राचार्य खूश. दोन दिवसांनी पारनेर. तिथले प्राचार्य म्हणाले, "संस्थेचं पहिलं कॉलेज आमचं. आम्ही काय राहुरीचं उष्टं घ्यायचं का?"

"न्हाई न्हाई सर, तसं कसं हुईल? तुमी मेन."

परतताना गाडीत मी त्यांना धारेवर धरलं. "सर, दोघांनाही मेन म्हणालात! आता?"

"मंग दोघंबी मेन करू."

"आणि नगर?"

"नगर तर हायेच मेन."

"आणि अकोलं?"

"त्येनं काय घोडं मारलंय?" सर म्हणाले. "मशीनला चालतंय मॅडम. चार मेन ठेवता येत्यात, म्या वाचलंय."

चालतं, हे खरं होतं आणि तेच दुखणं होतं. मशीनला चालतं म्हणून माणसांनी करायचं असतं का? चार ठिकाणी चार जण एकाच नावावर हात फिरवायला मोकळे. वर प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडणी पाहिजे, कारण नगरमार्गे राहुरीची बातमी पारनेरला जाणं कुणालाच मंजूर नव्हतं. सर या जोडणीला सोयरीक म्हणत. दोन गावांची सोयरीक करताना दोन्हीकडच्या ऑपरेटरांना ते समोरासमोर बसवत. मी नगरहून, खुर्चीवरून न उठता, दहा मिनिटांत जोडून दिलं असतं. सर एसटीने जात, एकाला दुसऱ्याच्या गावी नेत, चहा पाजत, एकमेकांची घरची चौकशी करायला लावत, आणि मग कळफलकाला हात लावत. हे सगळं होईपर्यंत संस्थेच्या सचिव साहेबांचे फोन मला.

आणि भांडणं व्हायची ती झालीच. पारनेरचे एक प्राध्यापक राहुरीला बदलून गेले. राहुरीने त्यांच्या नावापुढे राहुरी लिहिलं. पारनेरला ती बदली मान्य नव्हती, त्यांनी पुन्हा पारनेर लिहिलं. जो शेवटी लिहील त्याचं खरं, असा मशीनचा नियम. बिचारे प्राध्यापक सकाळी राहुरीचे असत आणि दुपारी पारनेरचे होत, आणि त्यांच्या हजेरीचं यंत्र त्यांना एक दिवस आत घेई, एक दिवस घेत नसे. एक नियम घालून मी हा खेळ बंद करणार होते. सर म्हणाले, थांबा. दोन्ही कॉलेजांच्या क्लार्कना त्यांनी नगरला बोलावलं, माळीवाड्यात भेळ खायला घातली आणि प्राध्यापकांची मुलगी राहुरीच्या शाळेत कशी रमली आहे, एवढंच सांगत बसले. दुसऱ्या दिवसापासून पारनेरने लिहिणं सोडलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त राग आला, कारण पुढच्या वेळी पुन्हा भेळच लागणार हे मला दिसत होतं.

अकोल्याची गोष्ट मात्र निराळी होती. तिथल्या प्राचार्यांना मेन व्हायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच: आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेटची लाईन जाते, दोन-दोन दिवस येत नाही. नावांचा सर्व्हर नगरला असला, की लाईन गेल्याबरोबर आमची मुलं बंद पडद्यासमोर बसून राहतात. आम्हाला आमचं मशीन द्या.

सचिव साहेबांना हे पटत नव्हतं. एवढ्याशा कॉलेजाला सर्व्हर कशाला? औटी सर त्यांच्या केबिनबाहेर रोज जाऊन उभे राहू लागले. वाद घातला नाही, अर्ज केला नाही, नुसते उभे. साहेब बाहेर आले की नमस्कार. शेवटी साहेब वैतागले, आणि वैताग काय असतो ते मी सांगू शकते. मुख्य कार्यालयातलं एक जुनं मशीन अकोल्याला मिळालं, पण अट घालून. "यंदा संस्थेची पहिली संगणकावरची परीक्षा आहे," साहेब आम्हा दोघांना म्हणाले. "ती नीट झाली तर मशीन तिथे राहील. काही गडबड झाली, तर उचलून परत आणायचं. पुन्हा विषय काढायचा नाही."

"व्हय साहेब," औटी सर म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, म्या तिथं पोरं बगितल्यात. चालत येत्यात डोंगर उतरून. आन आल्यावर त्यांना सांगायचं, तुमचं नाव आज नगरला अडाकलंय? न्हाई जमत वो." त्या वेळी त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी सीताफळांचा विषय त्या दिवशी काढला नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जे झालं, ते जगात दुसरीकडे कुठे झालं असेल असं मला वाटत नाही.

सकाळी पारनेरहून फोन. एकाही मुलाचं नाव घेत नाही. मी यादी उघडली, तर माझ्या डोळ्यांदेखत पारनेरची नावं नाहीशी होत होती. त्यांच्या मागोमाग अकोल्याची. राहुरीला फोन लावला, तेव्हा कळलं. प्राचार्य सकाळी परीक्षेची तयारी पाहायला प्रयोगशाळेत फिरत होते. पडद्यावर यादी उघडी होती. त्यांना पारनेरची नावं दिसली.

"आपल्या मशीनवर पारनेरचे लोक कसे?"

ऑपरेटर म्हणाला, "सर, सगळ्यांचीच असतात."

"असतात म्हणजे? आपल्या वावरात दुसऱ्याची जनावरं चरतात, आणि तू बघत बसतोस? काढ सगळी."

त्याने काढली. पारनेरची काढली, अकोल्याची काढली. नगरची तेवढी राहू दिली, कारण मुख्य कार्यालयाला कोण दुखावणार! आणि राहुरीही मेनच, त्यामुळे तिथे पुसलेलं नाव सगळीकडे पुसलं गेलं. मशीनने आज्ञा पाळली. आपण काय केलं हे कळल्यावर ऑपरेटर सर्व्हर-खोलीला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून, फोन बंद करून घरी निघून गेला.

राखीव प्रत? ती रोज निघायची. पण जिथे ती साठायची, त्या डिस्कवर उन्हाळ्यात कुणीतरी अध्यक्षांच्या वाढदिवसाचे व्हिडिओ भरले होते. जागा संपली, प्रत निघणं थांबलं. नवीन प्रवेश झाले ते त्यानंतर. मी ते पाहिलं आणि खुर्चीत बसूनच राहिले.

औटी सर चहा घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "अकोल्याची लाईन?"

"कालपासून बंद आहे."

"मंग अकोल्याच्या मशीनवर हायेत की सगळी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि लगेच पुढचंही दिसलं. लाईन बंद असल्यामुळे पुसण्याचा निरोप अकोल्याला पोहोचला नव्हता. पुसलेली सगळी नावं आता फक्त त्या एका जुन्या मशीनवर जिवंत होती. लाईन आली, की राहुरीचं मशीन इमानाने तो निरोप तिकडेही पाठवणार आणि तिथलीही नावं पुसली जाणार. उद्याची परीक्षा गेली, आणि साहेबांच्या शब्दाप्रमाणे अकोल्याचं मशीनही गेलं.

नगरची जोडणी मी बंद केली. पारनेरची फोनवर सांगून बंद करवली. राहुरीची आम्हाला बंद करता येईना, कारण त्या मशीनचा पासवर्ड सरांनी मान म्हणून त्यांच्याच हवाली केलेला, दुसरीकडे ठेवलेला नाही. अकोल्याला फोन लागत नव्हता, ना साधा ना मोबाईल. सरांनी संगमनेरला लहानूभाऊंना फोन लावला. हे लहानूभाऊ अकोल्याकडे वडापची जीप चालवतात. मी जीव मुठीत धरून ऐकत होते.

"लहानूभाऊ, जेवन झालं का?"

मी टेबलावर हात आपटला.

"हां, मंग ऐका. कालिजात भांगरे मामा शिपाई हायेत, त्यांना सांगा, मशीनच्या मागली निळी तार काढा. फकस्त निळी. लाईन आली तरी लावायची न्हाई, आमी येस्तोवर. सीटा भरायला थांबू नका, काय?"

मग आम्ही गाडी काढून राहुरीला निघालो, कारण राहुरी जवळ. तिथलं मशीन बंद केलं की संकट टळलं. मी धावतच प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. "सर, तुमचं मशीन ताबडतोब बंद करायचंय, कुलूप तोडा."

"आमचं का? मेन मशीन आहे ते. परीक्षा उद्यावर आलीय. सचिवांचं लेखी पत्र आणा."

मी आवाज चढवणार, तोच औटी सर मागून आले आणि खुर्ची ओढून बसले. बसले! चहा आला, त्यांनी घेतला. प्राचार्यांच्या ऊसतोडीला टोळी मिळाली का, हे विचारलं. मुकादम कसा फसवतो यावर दोघांचं एकमत झालं. मी घड्याळाकडे पाहत होते आणि मनात सरांना जे जे म्हणत होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरा चहा सांगितला गेला. तेव्हा सर हळूच म्हणाले, "सर, समद्यांचा भार तुमच्याच मशीनवर. मेन म्हनल्यावर त्येला सुट्टी कशी ती न्हाई. उद्या परीक्षा हाय. आज त्येला आराम दिला पायजे. बाकीच्यांना आमी सांगितलं असतं, पर तुमच्याशिवाय कुनाला सांगू?"

प्राचार्य उठले. "मग हे आधी नाही का सांगायचं?" असं मला म्हणाले, शिपायाला हाक मारली आणि उभं राहून कुलूप तोडून घेतलं. मशीन त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं.

गाडीत बसल्याबरोबर मी ओरडले. आयुष्यात कुणा वडीलधाऱ्या माणसावर इतकी ओरडले नसेन. तेवढ्यात अकोल्याच्या प्राचार्यांचा फोन लागला. म्हणजे लाईन आली होती. कधी आली? अर्ध्या तासापूर्वी. आम्ही पहिला चहा घेत होतो तेव्हा. आणि निळी तार? लहानूभाऊंची जीप त्याच्या थोडी आधी पोहोचली होती.

"तुमच्या चहापायी सगळं गेलं असतं सर!"

"म्हनून तर लहानूभाऊला आदी फोन केला," ते म्हणाले, आणि खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसले. तेव्हा कळलं की तो चहा त्यांनाही गोड लागला नसणार.

अकोल्याला पोहोचलो, तर प्रयोगशाळेचं दार आतून बंद. भांगरे मामांनी निळी तार काढली होतीच. मग लाल काढली, काळी काढली, लाईटचीही काढली, मशीनवर घोंगडी पांघरली आणि स्टूल टाकून दाराशी बसले. प्राचार्यांनाही त्यांनी आत घेतलं नव्हतं.

"मामा, म्या औटी."

"आवाज त्योच हाय," मामा आतून म्हणाले, "पर खिडकीपाशी या. त्वांड दावा."

पुढे काय केलं ते सांगण्यात मजा नाही. अकोल्याच्या मशीनवरून बाकी तिघांना नव्याने भरलं, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा थोडी उशिरा सुरू होऊन सुरळीत पार पडली. सगळ्यांची मुलं आत गेली. मला वाटलं, आता तरी अकोल्याच्या मशीनला कुणी हात लावणार नाही. इतकं भोळं माझ्या वयात कुणी असू नये.

संस्थेची मीटिंग झाली. शाल-श्रीफळ झालं, वेळीच मशीन बंद केल्याबद्दल राहुरीच्या प्राचार्यांचा सत्कार झाला. औटी सरांनी टाळ्या वाजवल्या. मग सचिव साहेब म्हणाले, "या प्रसंगातून एक गोष्ट सिद्ध झाली. अकोल्याचं मशीन अतिशय महत्त्वाचं आहे. इतकं महत्त्वाचं मशीन डोंगरात, एका शिपायाच्या भरवशावर ठेवणं योग्य नाही. ते नगरला आणावं."

मी सरांकडे पाहिलं. आता तरी बोला! लाईन बंद होती म्हणून ते वाचलं, तिथे होतं म्हणून वाचलं, एवढं तरी सांगा!

"व्हय साहेब," औटी सर म्हणाले.

मी बोलले, भांडले, इतिवृत्तात माझा विरोध नोंदवा म्हणाले. नोंदवला गेला, आणि मशीन आलं. सरांनी स्वतः आणलं. एसीच्या खोलीत नगरच्या मशीनशेजारी ते ठेवलं गेलं. हातभर अंतरावर दोन मशीनं, एकमेकांना तीच नावं दिवसभर सांगत बसलेली. सर त्या खोलीत जाणं टाळू लागले. मी त्यांच्याशी आठवडाभर धड बोलले नाही. मला त्यांचा इतका राग आला होता, की त्या रागात दुःख किती आहे हे मला लवकर समजलं नाही.

पुढच्या सत्राची परीक्षा आली. आदल्या दिवशी अकोल्याकडे रस्त्याच्या कामावर जेसीबीने लाईन तोडली. कंपनी म्हणाली, तीन-चार दिवस लागतील. सर काही न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आले नाहीत. फोन बंद. मी मनात म्हटलं, नेमके आजच.

दहाच्या सुमाराला संस्थेच्या आवारात जीपा शिरल्या. पुढच्या जीपमधून औटी सर उतरले आणि मागून मुलं उतरू लागली. टपावरचीही उतरली. अकोल्याचा अख्खा वर्ग. पहाटे अंधारात निघालेली, डोळे चुरचुरलेले, हातात फडक्यात बांधलेला भात. नगरच्या प्रयोगशाळेत नगरच्या मुलांची परीक्षा चालू होती, अकोल्याच्यांची पाळी दुपारी. तोवर बसायचं कुठे? सरांनी मुलांना सरळ वर नेलं आणि संस्थेच्या सभागृहात बसवलं. तिथे साहेबांच्या गादीच्या खुर्च्या होत्या, आणि अकरा वाजता विश्वस्तांची बैठक होती.

साहेब आले, तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग, आत मुलं फडकी सोडून भात खात होती आणि एक मुलगी टेबलाच्या टोकाला अध्यक्षांच्या जागी बसून पुस्तक पाठ करत होती.

"औटी, हे काय आहे?"

"पोरं हायेत साहेब. अकोल्याची."

"ते दिसतंय! इथे कशाला?"

"मशीन हितं हाय," सर म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात. "म्हनून पोरं हितं आनली."

ती मुलगी उठून उभी राहिली. साहेबांनी तिला बसायची खूण केली आणि स्वतः कुठे बसावं ते त्यांना कळेना.

"बरं, बघू," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय ठेवू."

"ठेवा की साहेब. मीटिंग हुईस्तोवर मशीन अकोल्यात ऱ्हाईल. संद्याकाळी पोरांसंगच नेतो."

परवानगी त्यांनी मागितलीच नव्हती, त्यामुळे ती नाकारायची कशी, हे साहेबांना सुचलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

दुपारी मुलांनी परीक्षा दिली. संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा जीपा भरल्या होत्या. सर पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी, मांडीवर मशीन, दोन्ही हातांनी धरलेलं. मागे बसलेल्या मुलीने त्याच्या तारा लोंबू नयेत म्हणून स्वतःच्या हातावर गुंडाळून घेतल्या होत्या. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बोलावंसं वाटलं, आणि मला या माणसाचा केवढा अभिमान वाटतो हेही. मी जीपजवळ गेले.

सरांनी मान बाहेर काढली. "मॅडम, एक करा. राहुरीच्या सरांना फोन लावा आन सांगा, मशीन अकोल्याला निघालंय. न्हाईतर त्यांना वाईट वाटंल, आपल्याला कुनी इचारलं न्हाई म्हनून."

मी कपाळाला हात लावला. जीप गेली. वर जाऊन मी फोन लावला, आणि प्राचार्यांना आधी जेवण झालं का ते विचारलं.

त्यानंतर सर अकोल्यालाच राहिले, तिथूनच निवृत्त झाले, आणि माझी-त्यांची गाठ पुन्हा पडली नाही. मशीन तिथेच आहे. ती मीटिंग अजून झालेली नाही.